'से' वापरायचं की 'टेल'? मराठीत विचार करणाऱ्यांसाठी सरळ पद्धत

"सर टोल्ड दॅट मीटिंग इज कॅन्सल्ड." हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसात, कॉलेजात, व्हॉट्सॲप ग्रुपवर इतकं चालतं की ते चूक आहे असं कुणी सांगितलं तर लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत, कारण अर्थ तर सगळ्यांना कळतो ना. पण हेच वाक्य परीक्षेच्या पेपरात, आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये किंवा परदेशातल्या क्लायंटला पाठवलेल्या मेलमध्ये गेलं की लगेच खटकतं. 'से' आणि 'टेल' ही इंग्रजीतली अगदी पहिल्या दिवसापासून शिकवली जाणारी क्रियापदं, आणि दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकूनही याच दोघांवर आपण अडखळतो, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे सुटायला फार वेळ लागत नाही. नियम एकच आहे, फक्त तो आपल्याला आपल्या भाषेच्या बाजूने कुणी समजावलेला नसतो.

आधी तो नियम सांगून टाकते आणि मग त्याच्या कानाकोपऱ्यात जाऊ. 'टेल'ला ऐकणारा माणूस लागतो आणि तो क्रियापदाच्या लगेच पुढे बसतो, मध्ये काहीही न घालता. 'से'ला ऐकणारा नसला तरी चालतं, आणि असलाच तर त्याच्या आधी 'टु' लावावं लागतं. झालं. "ही टोल्ड मी." "ही सेड टु मी." "ही सेड." ही तिन्ही बरोबर. "ही सेड मी" चूक, "ही टोल्ड टु मी" चूक आणि "ही टोल्ड दॅट" पण चूक, कारण कुणाला टोल्ड ते आलंच नाही.

म्हणजे वाक्य बोलायच्या आधी स्वतःला एवढंच विचारायचं की ऐकणाऱ्याचं नाव मी या वाक्यात घेणार आहे का? घेणार असाल तर 'टेल', नसाल तर 'से'. आपल्या रोजच्या वापरातली नव्वद टक्के वाक्यं एवढ्यावर सुटतात असं मी बिनधास्त म्हणेन. दोन वाक्यं तर तुम्हाला आधीपासूनच पाठ आहेत. एक इंटरव्ह्यूमधलं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ". आजपर्यंत कुणी "से मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलेलं ऐकलंय? आणि दुसरं, लहान पोराला सगळे आईबाप शिकवतात ते, "से थँक्यू टु आंटी". यात पण कुणी चुकत नाही. अडलात की ही दोन वाक्यं मनात म्हणायची आणि आपलं वाक्य कुठल्या साच्यात बसतंय ते बघायचं.

मग आपण चुकतो का?

कारण आपल्या मराठीत हे काम 'ला' करतो. "आईला सांग", "मला म्हणाला", "त्यांना बोललो", सगळीकडे ला-ना आहेच, आणि शाळेत आपल्या डोक्यात बसलेलं असतं की 'ला' म्हणजे 'टु'. त्यामुळे "आईला सांग" चं "टेल टु मदर" होतं, "मी सरांना सांगतो" चं "आय विल टेल टु सर" होतं. 'टेल'नंतर 'टु' येतो तो सहसा पुढे करायचं काम असेल तेव्हा, म्हणजे "त्याला यायला सांग" याचं "टेल हिम टु कम". इथे 'टु' हा 'हिम'च्या आधी नाही, 'कम'च्या आधी आहे, तो त्या 'ला'चा नाहीच, तो 'यायला' मधल्या 'ला'चा आहे! हे एकदा नीट बघून घ्या. मराठी वाक्यात दोन 'ला' आहेत, त्याला आणि यायला, आणि इंग्रजीत त्यातला पहिला गळून पडतो, दुसरा राहतो.

दुसरं कारण म्हणजे मुंबई-ठाण्याकडे 'म्हणणे' जवळजवळ गायबच झालंय, तिथे सगळं 'बोलणे'. "तो मला बोलला की उद्या सुट्टी आहे", "मी तिला बोलले नको जाऊ". पुण्या-नाशकाकडचा माणूस इथे 'म्हणाला' किंवा 'सांगितलं' असं वापरेल. दोन्ही मराठी आपलीच आहे, त्यात कमीजास्त काही नाही, पण इंग्रजीकडे जाताना 'बोलला'वरून थेट 'स्पोक' किंवा 'टॉक्ड' वर उडी पडते आणि "ही स्पोक मी दॅट टुमारो इज हॉलिडे" तयार होतं. तुम्ही 'बोलला' वापरणारे असाल तर एक पायरी जास्त घ्या, आधी मनातल्या मनात ते 'म्हणाला' किंवा 'सांगितलं' करून बघा आणि मग इंग्रजीकडे जा. 'स्पीक' आणि 'टॉक' ही बोलण्याची क्रिया झाली, भाषा बोलणं, स्टेजवर बोलणं, तासभर फोनवर बोलणं. काय बोलला तो मजकूर पुढे यायचा असेल तर 'से' नाहीतर 'टेल'च लागतं.

आणि एक गंमत बघा, मराठीत आपण 'म्हणणे' आणि 'सांगणे' यांत सहसा गोंधळत नाही. "तो म्हणाला" असं होतं पण "त्याने सांगितलं" असं होतं, 'तो सांगितला' कुणी मराठी माणूस म्हणणार नाही. म्हणजे दोन क्रियापदांचा वेगवेगळा स्वभाव सांभाळणं आपल्याला छान जमतं, आपल्या भाषेत ते न शिकवता जमतं. मग इंग्रजीतल्या दोघांचा स्वभाव पण तसाच कानाने पकडायचा.

म्हणणे म्हणजे 'से', सांगणे म्हणजे 'टेल', एवढं पुरेल का?

बऱ्याच वेळा पुरतं. "तुका म्हणे" याचं इंग्रजी "तुका सेज" असंच होतं, कारण तिथे कुणाला ते आलेलं नाही, शब्द महत्त्वाचे आहेत. 'गोष्ट सांगणे' ते 'टेल अ स्टोरी', 'विनोद सांगणे' ते 'टेल अ जोक', 'भविष्य सांगणे' ते 'टेल फॉर्च्यून्स', 'प्रार्थना म्हणणे' ते 'से अ प्रेअर', 'हो म्हणणे' ते 'से येस', 'सॉरी म्हणणे' ते 'से सॉरी'. इथपर्यंत मस्त जुळतं आणि म्हणूनच माणूस निर्धास्त होतो आणि पुढे फसतो.

फसायच्या जागा या. "आईला नमस्कार सांग", इथे मराठीत 'सांग' आहे पण इंग्रजीत "से हॅलो टु युवर मदर". "टेल हॅलो" होत नाही, कारण हॅलो, गुडबाय, थँक्यू, सॉरी, येस, नो हे तोंडातून जसेच्या तसे निघणारे शब्द आहेत आणि असे शब्द सहसा 'से'कडे जातात. तसंच "दोन शब्द बोला", जे आपल्या प्रत्येक सत्कार समारंभात कुणाला तरी सांगितलं जातं, ते "से अ फ्यू वर्ड्स". मग 'कायदा सांगतो', 'गीता सांगते', 'रिपोर्ट सांगतो' ही सगळी मराठीत सांगणारी मंडळी, इंग्रजीत मात्र "द लॉ सेज", "द गीता सेज", "द रिपोर्ट सेज". पाटीवर लिहिलंय, घड्याळात दहा वाजलेत, याला पण 'से' चालतो, "द बोर्ड सेज नो पार्किंग", "द क्लॉक सेज टेन". पण 'इतिहास आपल्याला सांगतो' म्हटलं की लगेच "हिस्टरी टेल्स अस", कारण 'आपल्याला' आला, ऐकणारा आला. बघा, परत तोच नियम. आणि "सांगायला नको" हे सुद्धा 'टेल'ने होत नाही, "नीडलेस टु से" किंवा "इट गोज विदाउट सेइंग".

उलट बाजूने पण एक मोठा खड्डा आहे, 'खोटं बोलणे'. आपल्याकडे "डोन्ट स्पीक लाय" सर्रास चालतं, "ही इज सेइंग लाय" पण ऐकू येतं. इंग्रजीत खोटं 'टेल' करतात. "ही इज टेलिंग अ लाय", किंवा नुसतं "ही इज लाइंग". खरं पण 'टेल' करतात, "टेल द ट्रुथ". 'स्पीक द ट्रुथ' पण बरोबर आहे, फक्त ते जरा भारदस्त वाटतं, रोजच्या बोलण्यात 'टेल'च जास्त.

आता इथे एखादा हुशार वाचक मला थांबवेल की अहो, तुम्हीच म्हणालात 'टेल'ला ऐकणारा लागतो, मग "टेल अ स्टोरी", "टेल द ट्रुथ", "टेल अ लाय" मध्ये ऐकणारा कुठे आहे? बरोबर शंका आहे. काही ठरलेली नामं अशी आहेत जी 'टेल'बरोबर ऐकणाऱ्याशिवाय पण चालतात: स्टोरी, जोक, लाय, ट्रुथ, सीक्रेट, टाइम, डिफरन्स, फॉर्च्यून. एवढीच पाठ करा, यादी फार लांब नाही. ऐकणारा घालायचा असेल तर इथे पण तो मध्येच बसतो, "टेल मी अ स्टोरी", "टेल हर द ट्रुथ". याशिवाय लहान मुलं "आय वोन्ट टेल" म्हणतात, म्हणजे मी चहाडी करणार नाही, ते पण ऐकणाऱ्याशिवाय चालतं, पण तो अगदी वेगळा अर्थ झाला.

ही नामं 'टेल'कडेच का गेली याचं उत्तर शब्दाच्या जुन्या अर्थात आहे आणि मला ते फार आवडतं. 'टेल'चा जुना अर्थ होता मोजणे. डच भाषेत आजही 'टेलन' म्हणजे मोजणे, जर्मनमध्ये 'त्सेलन' म्हणजे मोजणे आणि 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणे. बँकेत पैसे मोजून देणारा तो टेलर, आणि एटीएम मधला 'टी' हा त्याच टेलरचा, ऑटोमेटेड टेलर मशीन. कपडे शिवणारा टेलर वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली नाही तर मोजता न येणारी संपत्ती, आणि "ऑल टोल्ड, फॉर्टी पीपल केम" म्हणजे सगळे मोजून चाळीस आले. मोजण्यावरून एकेक गोष्ट क्रमाने पुढे मांडणे, आणि त्यावरून सांगणे असा तो प्रवास झाला. म्हणून ज्यात आत काहीतरी माहिती भरलेली आहे, जी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ते 'टेल'कडे. 'से'चं घराणंच वेगळं, जर्मन 'झागन' म्हणजे म्हणणे आणि जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) भाषेतला 'सागा', म्हणजे कथा, ही त्याची भावंडं, तिथे तोंडातून निघालेले शब्द हीच मुख्य गोष्ट.

यावरूनच एक बारीक फरक पण समजतो. "व्हॉट डिड ही से टु यू?" आणि "व्हॉट डिड ही टेल यू?" दोन्ही बरोबर, पण पहिल्यात तो नक्की काय शब्द बोलला ते विचारलंय, भांडण झालं असेल तर हाच प्रश्न येणार. दुसऱ्यात त्याने काय माहिती दिली ते विचारलंय. आणि म्हणूनच अवतरण चिन्हात जसेच्या तसे शब्द द्यायचे असतील तर 'सेड' वापरा, 'टोल्ड' तिथे सहसा बसत नाही.

'टेल'चा अजून एक अर्थ आहे जो मराठीत 'सांगणे'ने करायला गेलं की विचित्र होतं, तो म्हणजे कळणे, ओळखता येणे. "आय कॅन टेल यू आर टायर्ड" म्हणजे तुझ्याकडे बघूनच कळतंय की दमलायस. "आय कान्ट टेल द ट्विन्स अपार्ट" म्हणजे ती जुळी मला वेगळी ओळखताच येत नाहीत. इथे ऐकणारा नाही, सांगणं पण नाही, आणि जवळजवळ नेहमी 'कॅन' किंवा 'कुड' सोबत असतं, त्यावरून ओळखायचं. 'से'चा तसा वेगळा वापर म्हणजे 'समजा': "लेट्स मीट, से, ॲट फाइव्ह", समजा पाचला भेटू. ऐकलंत की दचकू नका.

शाळेतला 'सेड टु' चा 'टोल्ड'

डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना 'सेड टु' कापा आणि 'टोल्ड' लिहा, हे आपल्याला पक्कं शिकवलेलं असतं. नियम चुकीचा नाही पण तो अर्धाच लक्षात राहतो आणि पोरं जिथे नुसतं 'सेड' आहे तिथे पण 'टोल्ड' लिहून मोकळी होतात. नुसता 'सेड' असेल तर तो 'सेड'च राहतो. आणि आत प्रश्न असेल तर 'सेड' पण नाही, 'टोल्ड' पण नाही, तिथे 'आस्क्ड'.

पण यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती शाळेत कुणी बोलत नाही. मराठीत 'की' आला तरी आतलं वाक्य आपण जसंच्या तसं ठेवतो. "राहुल म्हणाला की मी उद्या येतो." येणारा कोण? राहुल. मराठी माणसाला यात शंकाच येत नाही. आता हेच शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं, "राहुल सेड दॅट आय विल कम टुमारो", की येणारा बदलला, आता राहुलच्या म्हणण्यानुसार मी येणार! समोरचा इंग्रज किंवा अमेरिकन माणूस तसंच समजणार आणि उद्या तुमची वाट बघत बसणार. इंग्रजीत 'दॅट' आलं की आतला 'मी' हा वाक्य बोलणारा होतो, राहुल राहत नाही. म्हणून "राहुल सेड ही वुड कम टुमारो". काळ बदलायचाच का? पेपरात बदला, मार्क जातात. बोलताना गोष्ट अजून खरी असेल तर "ही सेड ही लिव्ज इन पुणे" बिनदिक्कत चालतं. पण 'मी' चा 'तो' हे कधीच सोडू नका. आणि 'दॅट' गाळला तरी दोन्ही क्रियापदांनंतर चालतं, बोलताना लोक गाळतातच.

कर्मणी प्रयोगात पण हे दोघं वेगळे वागतात. "मला सांगण्यात आलं" म्हणजे "आय वॉज टोल्ड". "असं म्हणतात" म्हणजे "पीपल से" किंवा "इट इज सेड". 'मला सांगण्यात आलं' या अर्थाने "आय वॉज सेड" असं काही नसतंच, कारण 'से'च्या पुढे माणूस थेट बसत नाही, मग तो उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणणार कुठून.

ऑफिसवाल्यांसाठी थोडं. "ॲज टोल्ड बाय यू" ऐवजी "ॲज यू सेड" किंवा "ॲज यू मेन्शन्ड" लिहा. मेसेजमध्ये नुसतं "प्लीज टेल" टाकू नका, "प्लीज टेल मी" किंवा त्याहून चांगलं "लेट मी नो". फोनवर "हां बोला" याला आपण "येस, टेल" म्हणतो, त्यापेक्षा "येस, गो अहेड" म्हणा, बाहेरच्या माणसाला 'टेल' हुकूम दिल्यासारखा लागतो. आणि 'सेज'चा उच्चार 'सेय्ज' असा लांब करू नका, तो आखूड 'सेझ' आहे, तसाच 'सेड' पण आखूड, 'बेड' सारखा. 'से' लांब आहे म्हणून 'सेज' लांब असेल असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नाहीये.

कान तयार करायचा असेल तर एक इंग्रजी पेपर घ्या, कुठलाही चालेल, पहिल्या पानावर जितके 'सेड' आणि 'टोल्ड' असतील त्यांना पेन्सिलने गोल करा आणि पुढचा शब्द बघा. 'टोल्ड'च्या पुढे बहुतेक वेळा कुणीतरी माणूस उभा असेल, रिपोर्टर्स, द कोर्ट, पोलीस. 'सेड'च्या पुढे दॅट असेल, नाहीतर मंडे-ट्यूजडे असा वार असेल, नाहीतर थेट वाक्य. आठवडाभर रोज पाच मिनिटं हे करा. हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही जोडीला लावता येते, 'लेंड-बॉरो' असो की 'मेक-डू', मराठी अर्थ लिहून पाठ करण्यापेक्षा त्या क्रियापदाच्या लगेच पुढे काय येतं ते गोळा करायचं. कॅम्ब्रिज आणि लाँगमनच्या लर्नर्स डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत, त्यात अर्थाखाली जी उदाहरणं असतात ती वाचा, अर्थ वाचून लगेच टॅब बंद करू नका, खरा माल त्या उदाहरणांत असतो.

आता पाच वाक्यं, उत्तर खाली आहे पण आधी स्वतः करा.

ताईने मला दार लावायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले की ताप उतरेल. मी सांगितलं होतं ना तुला! आजोबांना नमस्कार सांग. तो कधी येणार ते त्याने सांगितलं नाही.

पहिलं: "ताई टोल्ड मी टु क्लोज द डोअर." दुसरं: "द डॉक्टर सेड द फीव्हर वुड गो डाउन." तिसरं: "आय टोल्ड यू सो!" चौथं: "से हॅलो टु आजोबा." पाचव्यात मराठीत 'सांगितलं' आहे पण कुणाला ते नाही, म्हणून "ही डिडन्ट से व्हेन ही वुड कम", आणि 'मला' घातला तर "ही डिडन्ट टेल मी व्हेन ही वुड कम". दोन्ही बरोबर.